आज्याच्या नावापुढचा रकाना

अकरावी सायन्सला प्रवेश झाला की क्लास नंतर बघा, आधी जात पडताळणीचे कागद काढायला घ्या. जे माझं झालं ते तुमचं होऊ नये म्हणून सांगते.

नायगावच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही सातजण राहायचो. दहावीच्या पुढे गेलेली घरातली मी पहिलीच. जातीचा दाखला आहे म्हणजे झालं, असं सगळ्यांना वाटायचं. इंजिनिअरिंगच्या राखीव जागेसाठी व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र लागतं, हे बारावीच्या परीक्षेनंतर कळलं. अनुसूचित जातींना त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात.

आप्पांनी दोन दिवस खाडा केला आणि आम्ही चिपळूणजवळच्या गावी गेलो. मुख्याध्यापकांनी कपाटातून दाखल-खारीज रजिस्टर काढलं. पानं हात लावला तरी तुटतील अशी. त्यांचं बोट सरकत सरकत आज्याच्या नावावर थांबलं. सन १९४१, इयत्ता दुसरी, जात महार. शाळा सोडल्याचं कारण : सतत गैरहजर.

आप्पा त्या शेवटच्या रकान्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "गैरहजर कसला? बाहेर पडवीत बसवायचे त्याला. पावसाळ्यात कुठं बसणार पोर?"

त्याच पानाची नक्कल जोडून माझी व्हॅलिडिटी झाली.

शाळेत नोंद सापडली नाही तर तहसीलला कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची नक्कल मागा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर ती जोडाच, तो भक्कम पुरावा असतो. दाखल्यावर बौद्ध आणि जुन्या नोंदीत महार दिसलं तर घाबरू नका. १९९० पासून बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतही धरतात. गावचं आडनाव आणि मुंबईचं आडनाव वेगळं असेल तर मात्र वंशावळीचं प्रतिज्ञापत्र एकेक नाव तपासून करा. आमची सगळ्यात जास्त धावपळ तिथेच झाली.

अभ्यासाला जागा नसणं हे आपलं जुनंच दुखणं. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सुभेदार रामजीबाबा बाबासाहेबांना रात्री दोनला अभ्यासाला उठवायचे. मला विहारातल्या अभ्यासिकेने तारलं.

आता जे सांगायला मला फार वर्षं लागली ते. कॉलेजच्या ऑफिसातला क्लार्क स्कॉलरशिपच्या दिवशी भर पॅसेजमध्ये ओरडायचा, "एससीवाले इकडे या!" शेजारी माझ्या वर्गातल्या मुली उभ्या असायच्या. पहिल्या वर्षी मान खाली घालून गेले. दुसऱ्या वर्षी फॉर्मच भरला नाही, आणि घरी सांगितलंही नाही. फी भरायची वेळ आली तेव्हा आप्पांनी पतपेढीतून कर्ज काढलं. ते फेडायला त्यांना तीन वर्षं लागली. एक शब्द बोलले नाहीत मला.

म्हणून महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवरचा फॉर्म दरवर्षी भरायचा, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवायचा. एकटीला जाववत नसेल तर एखाद्या सीनियरला सोबत न्यायचं. कुणी असं ओरडलं तर कॉलेजच्या एससी-एसटी सेलला लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. मी दिलं नव्हतं.

जून-जुलैत दर रविवारी सकाळी मी विहारात बसते, फॉर्म सोबत बसून भरू. येताना घरी एवढं विचारून या : आजा कुठल्या गावच्या शाळेत होता?