स्त्रीरोग-कर्करोग विभागाचा कार्बनभार कमी करायचा, तर सुरुवात कुठून?

विभाग पर्यावरणपूरक करायचं ठरलं की पहिली नजर कागदी कपांवर जाते. कप राहू द्या. मोठा भार भुलीच्या वायूंत, ओटीच्या (शस्त्रक्रियागृहाच्या) वातानुकूलनात, उरलेल्या औषधांत आणि रुग्णांच्या फेऱ्यांत असतो. एक अट मात्र आधीच ठरवा: कर्करोग बरा होण्याच्या शक्यतेला धक्का लावणारा बदल कितीही हिरवा असला तरी नको.

भुलीपासून सुरू करा, कारण इथे फरक लगेच पडतो. डेसफ्लुरेन आणि सेवोफ्लुरेन हे श्वासातून देण्याचे भुलीचे वायू. १०० वर्षांच्या हिशेबात डेसफ्लुरेन तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,५०० पट तापमान वाढवतं. सेवोफ्लुरेनचा आकडा त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे, आणि त्याच भुलीसाठी डेसफ्लुरेनची तीव्रता तिप्पट लागते. म्हणून डेसफ्लुरेन मागवणंच थांबवा. सेवोफ्लुरेन वापरताना भूल स्थिरावली की ताज्या वायूचा प्रवाह मिनिटाला ०.५ ते १ लिटरवर आणा. ऑक्सिजन आणि वायूच्या तीव्रतेचा मॉनिटर चालू हवाच. प्रवाह कमी असताना डायल फिरवूनही भूल सावकाश बदलते, तिथे नवखे गडबडतात. भूल झटपट बदलायची असेल तर थोडा वेळ प्रवाह वाढवा. सोडालाइमही (रुग्णाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे) लवकर संपतो. तो तारखेवर न बदलता श्वासात आत जाणारा कार्बन डायऑक्साइड वाढला की बदला.

भुलीतच वापरल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइडचा मोठा हिस्सा रुग्णापर्यंत पोचतच नाही, पाइपलाइनमधून गळतो. गळती प्रेशर गेजवर दिसत नाही: सिलिंडरमध्ये वायू द्रवरूपात असतो आणि द्रव संपेपर्यंत काटा हलत नाही. म्हणून ओटी बंद असताना रात्री आणि सकाळी सिलिंडरचं वजन करा. वजन घटलं असेल तर मध्यवर्ती पुरवठा बंद करून मशीनलाच छोटा सिलिंडर जोडा, वापरानंतर झडप बंद. ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेत या वायूने उलट्या वाढतात, त्यामुळे तो वगळला तर रुग्णाचाही फायदाच.

रिकाम्या ओटीत रात्री हवाबदल (खोलीतली सगळी हवा तासात किती वेळा बदलते ते) तासाला २० वरून ६ च्या आसपास आणता येतो. हवेचा धन दाब (बाहेरची हवा आत येऊ न देणारा जास्तीचा दाब) टिकला पाहिजे आणि आपत्कालीन ओटी पूर्ण क्षमतेवर राहिली पाहिजे. नेमका आकडा संसर्ग नियंत्रण समितीने आणि अभियंत्यांनी मिळून ठरवावा.

शस्त्रक्रियेचा मार्ग कार्बनवर ठरवू नका. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मूलगामी शस्त्रक्रिया (आजूबाजूच्या ऊतींसह गर्भाशय काढणं) दुर्बिणीतून केल्यास जगण्याचं प्रमाण कमी दिसलं, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवलं. मार्ग ठरल्यावर मात्र काटकसर जरूर करा: स्टेपलर आणि एकदाच वापरायची उपकरणं ओटीत ठेवा, पण सर्जनने मागितल्याशिवाय पाकीट फोडू नका.

केमोत उधळपट्टी व्हायलच्या (औषधाच्या कुपीच्या) मापामुळे होते. कार्बोप्लॅटिनचं उदाहरण घ्या. एयूसी (रक्तात औषध किती पोचावं याचं लक्ष्य) ५ आणि जीएफआर (मूत्रपिंडांचा गाळण्याचा वेग) ७५ असेल तर डोस ५ × (७५ + २५) = ५०० मिलिग्रॅम. ४५० आणि १५० च्या व्हायल उघडल्या की १०० मिलिग्रॅम फुकट. व्हायलच्या मापाला जुळवायला डोस १० टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणं मान्य असेल तर ४५० मध्ये भागतं. मर्यादा ५ टक्के असेल तर भागत नाही; मग त्याच औषधाच्या रुग्णांना एकाच दिवशी बोलवा आणि उरलेलं औषध फार्मसीच्या निर्जंतुक कक्षात, ठरलेल्या मुदतीत वापरा. मर्यादा आधीच लेखी ठरलेली असावी, नाहीतर दर वेळी वाद होतो.

फॉलो-अपच्या फेऱ्या कमी करायला सर्वात सोपा गट म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचा कमी जोखमीचा कर्करोग. त्यांची विचारपूस फोनवर करा. रक्तस्राव, न थांबणारी पोटदुखी, पायाला सूज अशी लक्षणं लिहून द्या आणि थेट फोन करता येईल असा क्रमांक द्या. क्रमांक कोणी उचलत नसेल तर ही योजना धोकादायक आहे. अंडाशयाच्या कर्करोगात लक्षणं नसताना केवळ सीए-१२५ (या कर्करोगाचा रक्तातला निदर्शक) वाढलं म्हणून लवकर केमो सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही, हे २०१० पासून माहीत आहे; तेव्हा ठरावीक तपासणी लावण्याआधी रुग्णाशी बोला.

ओपीडीत प्लास्टिकऐवजी स्टीलचे स्पेक्युलम (योनीमार्ग तपासायचं उपकरण) वापरा. ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) पूर्ण भरूनच लावा, अर्धवट भरल्यास फायदा बराच आटतो.

दरमहा तीन नोंदी पुरेत: प्रत्येक शस्त्रक्रियेमागे सेवोफ्लुरेनचे मिलिलिटर, नायट्रसचे सिलिंडर, आणि टाकून दिलेल्या केमोचे मिलिग्रॅम औषधानुसार.