फूड सेफ्टीच्या कामाला नवीन लागलाय? आधी लिहायला शिका

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली आपली पोरं फूड सेफ्टीच्या कामाला लागतायत, कोण ऑफिसर म्हणून तर कोण ऑफिसात एंट्री मारायला, त्यांच्यासाठी लिहितोय. सॅम्पल कसं घ्यायचं ते सगळे शिकवतात, पण नोंद कशी करायची ते कोण बसून सांगत नाही आणि केस तिथंच पडते.

दुकान कधीच नावावरून शोधू नका. खडेबाजारातलं एकच दुकान बोर्डवर एका नावानं, आधारवर दुसऱ्या, इंग्रजीत तिसऱ्याच स्पेलिंगनं असतंय, मग सिस्टीममध्ये त्याची दोन-दोन खाती होतात आणि मागची नोटीस भलत्याच खात्यात पडून राहते. दुकानाला मिळालेला FSSAI चा (केंद्राच्या फूड सेफ्टी खात्याचा) १४ आकडी नंबर धरा. पहिला आकडा १ म्हणजे लायसन्स, २ म्हणजे रजिस्ट्रेशन, पुढचे दोन राज्याचे, कर्नाटक १२, महाराष्ट्र १५. आपल्याकडं कोल्हापूरकडचा माल येतोच, त्या पाकिटावर ११५ नं सुरू होणारा नंबर दिसला तर तो बनवणाऱ्याचा, दुकानदाराचा नव्हे. दुकानदाराचा नंबर भिंतीवरच्या सर्टिफिकेटवरूनच उतरवा.

आणि 'स्वच्छता समाधानकारक नाही' असलं काही लिहू नका, त्यातनं पुढच्या माणसाला काय कळणार? कुंद्याच्या ट्रेवर झाकण नव्हतं, फ्रीजचं टेंपरेचर ११ होतं (५ च्या आत पाहिजे), किती वाजता बघितलं, समोर कोण होतं, एवढं तिथंच उभं राहून लिहा, संध्याकाळी आठवून नको. दुकान बंद असेल तर बंद असंच लिहा, वरनं टार्गेटचा कितीही रेटा असला तरी न बघितलेलं दुकान बघितलं म्हणून दाखवायचं नाही, कारण त्या कागदावर भरवसा ठेवून लोक पोरांना खायला घालतात. चुकलं तर एक रेघ मारून वर सही करा, व्हाइटनर अजिबात नको.

सॅम्पलचे चार भाग होतात, चारी लेबलांवर, त्यावर चिकटवायच्या स्लिपवर आणि लॅबला जाणाऱ्या मेमोवर सॅम्पलचा कोड तोच आहे का ते सील करायच्या आधी मोठ्यानं वाचून बघा. रिपोर्ट विरोधात गेला तर दुकानदाराला अपिलाला ३० दिवस मिळतात, तेही रिपोर्ट हातात पडल्यापासून, म्हणून पाठवल्याची तारीख पुरत नाही, त्याची सही नाहीतर पोस्टाची पोचपावती फाईलला लावून ठेवा.