सरकारी सर्वेक्षणातला दरडोई खर्च आणि आपलं घर: हिशोब नेमका कसा जुळवायचा

दर थोड्या दिवसांनी तो फॉरवर्ड येतोच, की भारतात शहरातला माणूस महिन्याला सात हजारात भागवतो आणि खेड्यातला चार हजारात, आणि मग खाली सगळ्यांचं सुरू होतं, अहो सात हजारात पुण्यात नुसतं भाडं तरी येतं का, आकडे एसीत बसून बनवलेत वगैरे. आकडा बनावट नाहीये. पण तो कशाचा आहे हे बघितल्याशिवाय आपल्या पगाराशी किंवा बँकेच्या स्टेटमेंटशी लावला तर जुळणारच नाही. तर आपल्या घराचा आकडा त्यांच्याच नियमाने काढून मग शेजारी ठेवायचा कसा, ते सांगतो. वही, पेन आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरे.

आधी आकडा कुठला ते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय म्हणजे एनएसओ हे घरगुती उपभोग खर्चाचं सर्वेक्षण करतं. शेवटची दोन लागोपाठ झाली, ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ आणि ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४. दुसऱ्यात २,६१,९५३ घरं होती, त्यातली १,५४,३५७ ग्रामीण. त्यातून दरडोई मासिक खर्च आला ग्रामीण ४,१२२ रुपये आणि शहरी ६,९९६ रुपये, फॉरवर्डमधले चार हजार आणि सात हजार ते हेच. महाराष्ट्राचे ४,१४५ आणि ७,३६३.

आता यातला 'दरडोई' हा शब्द लोक गिळून टाकतात. हा घराचा खर्च नाही, कमावत्या माणसाचा पण नाही. घराचा एकूण खर्च भागिले घरातली सगळी माणसं, त्यात पाळण्यातलं बाळ पण आलं आणि आजी पण आली. म्हणजे शहरात चौघांचं घर धरलं तर महिन्याला साधारण २८ हजार. इथेच निम्मी भांडणं मिटायला हवीत.

मग पहिली पायरी, घरात माणसं किती ते ठरवा. नियम एका चुलीचा आहे, जे नेहमी एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातलं जेवतात ते एक घर. रेशनकार्डावर नाव आहे की नाही याचा काही संबंध नाही. मुलगा इंजिनिअरिंगला होस्टेलवर असेल तर तो तुमच्या घरात मोजायचा नाही, होस्टेलवरचा प्रत्येक जण स्वतंत्र एक माणसाचं घर धरला जातो, आणि त्याला तुम्ही दरमहा जे पैसे पाठवता ते पण तुमच्या खर्चात नाहीत. उलट घरी राहून घरीच जेवणारी कामाची मावशी असेल तर ती मात्र तुमच्यातच मोजायची. चार दिवस आलेले पाहुणे मोजायचे नाहीत, पण त्यांनी जे खाल्लं ते तुमच्याच खर्चात!

दुसरी पायरी खाण्याची, आणि खरा किचकट भाग हाच आहे म्हणून इथे जरा थांबू. सर्वेक्षणात खाण्याच्या बाबतीत 'विकत किती घेतलं' असं विचारत नाहीत, 'वापरलं किती' असं विचारतात. दिवाळीच्या आधी तुम्ही १५ लिटरचा तेलाचा डबा आणला तर डब्याची किंमत लिहायची नाही, गेल्या सात दिवसात त्यातलं जेवढं तेल कढईत गेलं तेवढंच. आंब्याची पेटी आली तर त्या आठवड्यात खाल्ले तेवढेच आंबे. गावाकडून वर्षाचा तांदूळ आला असेल आणि तो तुमच्याच शेतातला असेल तर महिन्यात शिजला तेवढाच, आणि भाव वाण्याचा नाही, शेतावर जो भाव मिळतो तो लावायचा. तोच तांदूळ भावाने भेट म्हणून पाठवला असेल तर मात्र तुमच्या इथला किरकोळ बाजारभाव. म्हणजे खिशातून रुपया गेला नाही तरी खर्च धरला जातो, हे डोक्यात ठेवा, कोकणात किंवा विदर्भात शेती असलेल्या घरांचा आकडा इथेच सगळ्यात जास्त चुकतो.

शिजवलेल्या अन्नाचा नियम अजून गमतीचा आहे. जिच्या चुलीवर शिजलं तिच्या खात्यात. तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंना तुम्ही रोज चहा-पोहे देत असाल तर ते तुमच्या घराच्या खर्चात लागतात, त्यांच्या नाही. त्यामुळे चार घरी काम करून तिथेच खाणारी जी बाई आहे तिच्या घराचा खाण्याचा खर्च कागदावर खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि मालकिणीचा थोडा जास्त. हॉटेलात खाल्लं, स्विगीवरून मागवलं तर ज्या घराने पैसे दिले त्याचं.

तिसरी पायरी, कुठली वस्तू किती दिवसांची आठवायची. धान्य, डाळी, साखर, मीठ हे गेल्या ३० दिवसांचं. भाजी, फळं, अंडी-मासे-मटण, तेल, मसाले, बाहेरचं खाणं, पान-तंबाखू हे गेल्या ७ दिवसांचं, कारण गेल्या महिन्यात कोथिंबिरीच्या जुड्या किती आणल्या हे कोणालाच आठवत नाही. कपडे, चपला, शाळेची फी, हॉस्पिटलात ॲडमिट झाल्याचा खर्च, फ्रीज-टीव्ही-मोबाईल हे गेल्या ३६५ दिवसांचं. मग सगळं ३० दिवसांवर आणायचं, सात दिवसांच्या आकड्याला ३० ने गुणून ७ ने भागा, वर्षाच्या आकड्याला ३० ने गुणून ३६५ ने भागा. झालं.

हे दिवसांचं प्रकरण वाटतं तेवढं फालतू नाहीये बरं का. १९९९-२००० च्या फेरीत एकाच घराला खाण्याचे पदार्थ ७ दिवसांचे पण विचारले आणि ३० दिवसांचे पण विचारले, आणि त्याने उत्तरं एकमेकांत मिसळली की काय यावरून अर्थतज्ज्ञांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालला, कारण गरिबी कमी झाली की नाही हेच त्यावर अवलंबून होतं.

आपल्या घरी करताना एकच आठवडा धरू नका. गणपतीचा आठवडा घेतलात तर घर श्रीमंत दिसेल, आणि मालवणी घराने श्रावणातला आठवडा घेतला तर मासळी शून्य. सर्वेक्षण बारा महिने चालतं ते याच्याचसाठी, वेगवेगळी घरं वेगवेगळ्या महिन्यात येतात आणि सण-उपास सगळं सरासरीत बसतं. तुमचं एकच घर आहे, तर निदान तीन-चार वेगवेगळे आठवडे घ्या आणि सरासरी काढा.

चौथी पायरी, काय वगळायचं. घराच्या कर्जाचा हप्ता नाही. इन्कम टॅक्स नाही. एलआयसीचा प्रीमियम नाही, एसआयपी नाही, सोनं गुंतवणूक म्हणून घेतलं असेल तर ते पण नाही. भाडं देत असाल तर धरायचं, पण स्वतःचं घर असेल तर भाडं शून्य, 'माझं घर भाड्याने दिलं असतं तर' हा हिशोब या आकड्यात येत नाही. पगारातून ज्या गोष्टी सगळ्यात आधी कापल्या जातात त्यातल्या बहुतेक इथे नाहीतच, म्हणून तर पगाराशी हा आकडा कधी जुळत नाही.

आता एक उदाहरण करून बघू. समजा पुण्यात चौघांचं घर आहे. धान्य-डाळ-किराणा महिन्याचा २,४०० आणि दुधाचं बिल ३,०००. भाजी, फळं, अंडी, तेल, मसाले आणि एकदा बाहेरचं जेवण असं आठवड्याचं २,१००, म्हणजे ३० दिवसांचे ९,०००. गॅस, लाईट, मोबाईल रिचार्ज, पेट्रोल, कामाच्या बाईंचा पगार मिळून ८,६००. भाडं १४,०००. वर्षभरात मुलांची फी ८०,०००, कपडे-बूट ३०,००० आणि एक नवा फोन ३६,०००, एकूण १,४६,०००, त्याचे ३० दिवसांचे १२,०००. सगळी बेरीज ४९,००० आणि माणशी १२,२५०.

याच घराने हाच फ्लॅट कर्जावर विकत घेतला आणि ३० हजार हप्ता सुरू झाला असं धरा. भाडं गेलं, हप्ता मोजत नाहीत, तर खर्च झाला ३५,००० आणि माणशी ८,७५०. खिशातून पैसे जास्त जातायत आणि कागदावर घर गरीब झालं! अजून एक बघा, खाण्याचा खर्च दोन्हीकडे १४,४०० च आहे, पण भाड्याच्या घरात तो एकूण खर्चाच्या २९ टक्के आणि स्वतःच्या घरात ४१ टक्के. खाण्यावरचा हिस्सा घटला म्हणजे लोक सुखी झाले असं जे सरसकट लिहिलं जातं ते वाचताना हे लक्षात असू द्या.

आता पाचवी पायरी, ताडून बघायचं. सरासरीशी नका लावू. वरचे थोडे लोक सरासरीला ओढून वर नेतात, त्यामुळे सरासरीच्या खाली निम्म्याहून जास्त लोक असतात. त्यापेक्षा अहवालातलं गटवार कोष्टक उघडा, त्यात सगळ्या लोकसंख्येला खर्चाप्रमाणे खालपासून वरपर्यंत रांगेत लावून १२ गट केलेले असतात. २०२२-२३ मध्ये शहरातल्या सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांचा खर्च माणशी २,००१ रुपये होता आणि सगळ्यात वरच्या ५ टक्क्यांचा २०,८२४. खेड्यात तेच १,३७३ आणि १०,५०१. मधला गट म्हणजे ५० ते ६० टक्क्यांवाला शहरात ५,६६२ वर होता, ८० ते ९० वाला ९,५८२ वर आणि ९० ते ९५ वाला १२,३९९ वर.

वरचं आपलं पुण्याचं भाड्याचं घर बघा कुठे बसलं. ९० ते ९५ वाल्या गटाच्या सरासरीजवळ, म्हणजे वरच्या दहा टक्क्यांत. स्वतःला मध्यमवर्ग म्हणवणाऱ्या, फी भरताना मेटाकुटीला येणाऱ्या बहुतेक घरांचं असंच निघतं, आणि 'सात हजारात कोण जगतं' हा प्रश्न विचारणारे आपण लोक रांगेत कुठे उभे आहोत ते तेव्हा कळतं. अर्थात फार श्रीमंत घरं सर्वेक्षणात नीट सापडत नाहीत, सोसायटीच्या गेटवरूनच सर्वेक्षणाच्या माणसाला परत पाठवतात किंवा खर्च कमी सांगतात, त्यामुळे वरच्या टोकाचे आकडे थोडे कमीच समजा. शहरात घरं निवडताना आता कार आहे का, केवढ्याची आहे हे बघून गट करतात ते म्हणूनच.

जुन्या आकड्याशी तुलना करणार असाल तर अजून दोन-तीन खड्डे आहेत. त्या आधीचं जाहीर झालेलं सर्वेक्षण २०११-१२ चं, ग्रामीण १,४३० आणि शहरी २,६३०. मधे २०१७-१८ ला एक झालं होतं पण सरकारने दर्जाचं कारण देऊन ते जाहीरच केलं नाही, म्हणजे अकरा वर्षांचं भगदाड. ग्रामीण १,४३० चे २०२२-२३ ला ३,७७३ झाले म्हणून अडीचपट झाले असं म्हणू नका, महागाई काढून २०११-१२ च्याच भावाने २०२२-२३ चा ग्रामीण आकडा २,००८ आणि शहरी ३,५१० येतो. शिवाय पद्धतही बदलली, पूर्वी एकाच बैठकीत सगळी प्रश्नावली उरकायचे, आता खाणं, इतर वस्तू-सेवा आणि टिकाऊ वस्तू असे भाग करून तीन महिन्यात तीन वेळा येतात, टॅबवर भरतात, आणि वस्तूंची यादी ३४७ वरून ४०५ वर गेली. जास्त विचारलं की जास्त आठवतं, साधी गोष्ट आहे.

आणि फुकटचं रेशन. जानेवारी २०२३ पासून रेशनचं धान्य मोफत झालं, तर मुख्य आकड्यात त्याची किंमत शून्य धरलेली आहे. म्हणून प्रत्येक अहवालात दोन आकडे दिसतील, एक मोफत वस्तूंची किंमत न धरता आणि एक धरून, २०२३-२४ मध्ये ग्रामीण ४,१२२ चा ४,२४७ होतो. ग्रामीण भागात धान्यावरचा हिस्सा अकराच्या आसपास होता तो पाच टक्क्यांच्या खाली आला हे वाचून 'लोक भाकरी खायचे बंद झाले' असा निष्कर्ष काढणारे आहेत, त्यांना म्हणावं आधी रेशनचं दुकान बघून या. हॉस्पिटलचे मोफत उपचार आणि सरकारी शाळेचं मोफत शिक्षण मात्र दुसऱ्या आकड्यातही धरलेलं नाही.

जिल्ह्याचा आकडा म्हणून कोणी सोलापूर विरुद्ध नाशिक असं काही पाठवलं तर दुर्लक्ष करा, या दोन फेऱ्या राज्याच्या पातळीवर भरवशाच्या आहेत. फार तर एनएसएसने म्हणजे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने महाराष्ट्राचे जे सहा विभाग पाडलेत, किनारपट्टी वगैरे, तिथपर्यंत जपून जाता येतं.

अहवाल सांख्यिकी मंत्रालयाच्या साईटवर फुकट आहे. ज्यांना एक्सेलच्या पुढे थोडं काही येतं त्यांनी मायक्रोडेटाच्या पोर्टलवर नोंदणी करून घराघराची नाव-पत्ता नसलेली मूळ माहितीच उतरवून घ्यावी, तीही फुकटच. तिथे एकच काळजी घ्या, प्रत्येक घराच्या ओळीत गुणक दिलेला असतो, म्हणजे ते घर किती घरांचं प्रतिनिधी आहे तो आकडा, तो न लावता सरळ सरासरी काढली तर उत्तर चुकणार, आणि माणशी आकडा हवा असेल तर गुणकाला घरातल्या माणसांच्या संख्येनेही गुणायचं. सोबतची वाचा-मला फाईल आधी वाचा, दशांश चिन्ह कुठे धरायचं तेसुद्धा तिथेच लिहिलेलं असतं.