संपत्ती दसपट, पगार लाखात : नेत्यांवरच्या प्रचारी जाहिराती पारखताना या चुका टाळा

निवडणूक लागली की आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर दोन गोष्टी न चुकता येतात. एक म्हणजे पाणी कधी येणार ही विचारणा. दुसरी म्हणजे एखाद्या उमेदवाराचा हात जोडलेला फोटो आणि खाली लाल अक्षरांत, 'पाच वर्षांत संपत्ती दसपट! तुमची किती वाढली?' पाण्याच्या प्रश्नाला कुणी उत्तर देत नाही, फोटो मात्र तासाभरात तीन ग्रुप फिरून परत येतो.

असं काही आलं की मी त्या उमेदवाराचं शपथपत्र उघडून बसतो. गेल्या चार-पाच निवडणुकांत हा नादच लागला आहे. सुरुवातीला वाटायचं, आकडा खोटा निघणार. तसं क्वचितच होतं. आकडा बहुधा शपथपत्रातूनच उचललेला असतो, अगदी रुपयापर्यंत बरोबर. खोटेपणा असतो तो त्याला जोडलेल्या दुसऱ्या आकड्यात, गाळलेल्या वर्षात किंवा पुसलेल्या नावात. त्यामुळे आकडा जुळला म्हणून जाहिरात खरी मानणं, ही पहिली चूक.

बेरीज कुणाची, हे न पाहणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आधी हीच सांगतो. २०१९ च्या विधानसभेला मी एका उमेदवाराच्या शपथपत्रातले सगळे रकाने बेरजेत धरले आणि 'यांची संपत्ती इतके कोटी' असं ग्रुपवर टाकून मोकळा झालो. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी शांतपणे विचारलं, "यांची म्हणजे कुणाची?" पाहतो तर निम्म्याहून जास्त रक्कम पत्नीच्या रकान्यात, तीही माहेरकडून आलेल्या जमिनीची.

उमेदवार अर्जासोबत जे शपथपत्र देतो त्याला नमुना २६ म्हणतात. त्यात स्वतः, जोडीदार, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबित व्यक्ती असे वेगळे रकाने असतात. जाहिरात करणारा सोयीप्रमाणे निवडतो. गेल्या वेळचा आकडा फक्त उमेदवाराचा घ्यायचा, यंदाचा अख्ख्या घराचा घ्यायचा, की झाली दसपट. दोन्ही शपथपत्रांतला एकच रकाना समोरासमोर ठेवला की यातल्या बऱ्याच जाहिराती तिथेच गळतात.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. अवलंबित म्हणजे ज्याला स्वतःचं वेगळं उत्पन्न नाही असा. मुलगा कमावता झाला, त्याने कंपनी काढली, की तो या कागदातून बाहेर पडतो. 'संपत्ती फारशी वाढलेली नाही' असं समर्थकांचं पोस्टर येतं, तेव्हा मी आधी जुन्या शपथपत्रात अवलंबितांच्या रकान्यात कोण होतं ते बघतो.

वाढलेला भाव आणि वाढलेला माल यांत गल्लत करणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून एक हिशेबच मांडतो. उमेदवार काल्पनिक आहे.

समजा, २०१४ मध्ये त्याने १ कोटी १० लाखांची मालमत्ता दाखवली. जमीन ६० लाख, पन्नास तोळे सोनं १४ लाख, ठेवी आणि गाडी ३६ लाख. २०२४ मध्ये आकडा ४ कोटी ४० लाख. जाहिरात म्हणते, '४०० टक्के वाढ!' इथे पहिली गफलत शाळेतल्या गणिताची. चौपट होणं म्हणजे ३०० टक्के वाढ. ही चूक पक्षांचे आयटी सेल करतात आणि वर्तमानपत्रंही करतात.

आता आत शिरू. जमीन तीच, गट क्रमांकही तोच, पण तिची किंमत आता २ कोटी २० लाख लावली आहे. सोनं तेच पन्नास तोळे. २०१४ मध्ये तोळ्याचा भाव २८ हजारांच्या आसपास होता, २०२४ मध्ये तो सत्तर हजारांच्या वर गेला. ७२ हजार धरला तर ३६ लाख झाले. वडील वारले, घरातला हिस्सा आला, ७० लाख. उरलेले १ कोटी १४ लाख म्हणजे फ्लॅट आणि ठेवी. एकूण वाढ ३ कोटी ३० लाखांची. त्यातले २ कोटी ५२ लाख भाव चढल्यामुळे आणि वारशाने आले. राहिले ७८ लाख, आणि दायित्वांच्या तक्त्यात ६५ लाखांचं कर्ज आहे. दहा वर्षांत स्वतःच्या पैशातून पडलेली भर १३ लाखांची.

जाहिरातीत कर्ज कधीच नसतं. मालमत्ता मोठ्या टायपात, देणं गायब.

हे सगळं फॉर्मात शोधता येतं. स्वकष्टार्जित स्थावर मालमत्तेसाठी खरेदीची तारीख, खरेदीची किंमत, नंतर केलेला खर्च आणि अंदाजे चालू बाजारभाव असे वेगळे मुद्दे असतात. वारसाहक्काची मालमत्ता वेगळी दाखवायची असते. दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी ठेवून गट नंबर जुळवत जायचं. जुळला तर जुनी जमीन. नवा नंबर दिसला तर थांबायचं आणि खरेदीची तारीख वाचायची. शंका आलीच तर राज्य सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा बघता येतो.

एवढं केल्यावर उमेदवार निर्दोष ठरतो, असं मात्र मुळीच नाही. वरच्या हिशेबात ते ६५ लाख कुणी दिले? बँकेने, की कुठल्या खासगी फर्मने? देणं कुणाचं आहे हेही फॉर्मात लिहावं लागतं. दसपटीच्या आरोळीपेक्षा ती एक ओळ कितीतरी बोलकी असते, आणि नेमकी तीच जाहिरातीत येत नाही.

'पगार एवढा, मग बंगला कुठून?'

पगार गुणिले साठ महिने करायचं आणि संपत्तीतून वजा करायचं, हा लोकांचा आवडता हिशेब. पण आमदारकी, खासदारकी मिळाल्यावर शेती किंवा धंदा बंद करावा लागत नाही. सरकारी कंत्राटं चालू ठेवण्यावर कायद्याने बंधन आहे, बाकी उद्योग चालतो.

दुसरं, शपथपत्रात गेल्या पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतलं एकूण उत्पन्न असतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त, भागीदारी संस्थेतला नफ्याचा वाटाही भागीदाराच्या हातात करमुक्त. ते त्या आकड्यात दिसत नाहीत. म्हणून 'उत्पन्न चार लाख, संपत्ती चार कोटी' हे ऊसवाल्या तालुक्यात अशक्य नाही. त्याच आडोशाने दुसरा पैसाही 'शेतीचा' म्हणून दाखवता येतो, हेही तितकंच खरं. अशा वेळी मी जमीन किती आणि बागायत किती हे पाहतो. दोन एकर जिरायतीवर कोटीचा फ्लॅट उभा राहत असेल, तर जाहिरातवाल्याला नावं ठेवायच्या भानगडीत मी पडत नाही.

पगारवाढीला 'यांनीच मतदान केलं', यावर विश्वास ठेवणं

खासदारांचं मूळ वेतन २०१० मध्ये १६ हजारांवरून ५० हजार झालं. २०१८ मध्ये ते १ लाख झालं. मार्च २०२५ मध्ये १ लाख २४ हजारांची अधिसूचना निघाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिन्ही वेळा जाहिराती आणि मीम यांचा पाऊस पडला.

'अमक्याने स्वतःच्या पगारवाढीला मत दिलं' हा आरोप ऐकायला ठोस वाटतो, पण तपासायला गेलं की हाताला काही लागत नाही. २०१८ ची वाढ वित्त विधेयकातून आली. ते विधेयक लोकसभेत गदारोळात, चर्चेविना आवाजी मतदानाने मंजूर झालं. आवाजी मतदानात कोण 'हो' म्हणालं याची नावनिशी नोंद राहत नाही. २०२५ ला तर मतदानच झालं नाही. दर पाच वर्षांनी महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढ, ही तरतूद २०१८ लाच करून ठेवली होती. निर्देशांक २८० वरून ३४८ वर गेला म्हणून सुमारे २४ टक्के.

याच २४ टक्क्यांच्या दोन जाहिराती होऊ शकतात. 'एका झटक्यात २४ टक्के!' ही एक. 'वर्षाला जेमतेम साडेचार टक्के' ही दुसरी. दोन्ही खऱ्या. कालावधी कुठला लपवला आहे तेवढं बघायचं.

आपल्या विधिमंडळानेही ऑगस्ट २०१६ मध्ये आमदारांच्या वेतनवाढीचं विधेयक चर्चेविना मंजूर केलं. दुष्काळावर सभागृह डोक्यावर घेणारे दोन्हीकडचे बाक तेव्हा एकदिलाने शांत होते. म्हणून पगारवाढीवरून एका पक्षाने दुसऱ्यावर केलेली जाहिरात दिसली की माझा एकच प्रश्न असतो. तुमच्या माणसाने वाढीव रक्कम घेतली की नाही?

निधी आणि पगार एकाच पोत्यात भरणं

'खासदारांवर देशाचे हजारो कोटी उधळले जातात!' हा फॉरवर्ड दरवर्षी नव्या फोटोसह येतो. गणित सोपं आहे. लोकसभेच्या ५४३ आणि राज्यसभेच्या २४५ मिळून ७८८ जागा. प्रत्येकी १ लाख २४ हजार धरले तर मूळ वेतनाचा वर्षाचा खर्च साधारण ११७ कोटी. मतदारसंघ भत्ता, कार्यालय खर्च, दैनिक भत्ता, प्रवास, घर हे वेगळं, आणि ते थोडंथोडकं नाही. पण मोठा आकडा काढायचा असेल तर त्यात खासदार निधी मिसळतात. वर्षाला ५ कोटी प्रत्येकी, म्हणजे ३,९४० कोटी. हा पैसा खासदाराच्या खात्यात जात नाही. तो कामं सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाच्या हातात. त्या कामांत कुणाला किती टक्के मिळतात यावर गावोगावी बोललं जातं. तो वेगळा आरोप आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

याच्या जोडीला काही जुनी पात्रं आहेत, त्यांची बोळवण झटपट करू. संसदेच्या कँटीनमधली स्वस्त थाळी : ते अनुदान जानेवारी २०२१ मध्ये बंद झालं, दरपत्रकाचे जुने फोटो अजून फिरतात. 'यांना प्राप्तिकर लागत नाही' : खासदाराच्या वेतनावर कर लागतो, काही भत्ते मात्र करमुक्त आहेत. ही समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. उत्तर प्रदेशात मंत्र्यांचा प्राप्तिकर १९८१ च्या कायद्यानुसार सरकारी तिजोरीतून भरला जात होता, तो प्रकार २०१९ मध्ये थांबला. 'थोडे दिवस खासदार झालं तरी जन्मभर पेन्शन' : हे खरं आहे. पाच वर्षं पूर्ण करण्याची अट नाही. सध्या ती महिना ३१ हजार, आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षासाठी आणखी अडीच हजार. आरोप प्रचाराचा आहे म्हणून तो आपोआप खोटा ठरत नाही.

शपथपत्र सापडत नाही म्हणून सोडून देणं

बरेच जण चुकीच्या ठिकाणी शोधतात. लोकसभा-विधानसभेची शपथपत्रं भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य यांचा कारभार राज्य निवडणूक आयोगाकडे, त्यांचे कागद तिकडे. जुन्या निवडणुकांसाठी 'मायनेता' हे संकेतस्थळ सोयीचं आहे. तिथे आकडे तक्त्यात मांडलेले असतात, पण खटका उडालाच तर मूळ स्कॅन उघडा. अक्षर काही वेळा असं असतं की १ आणि ७ यांत कोटीचा फरक पडतो. नामसाधर्म्याचाही घोळ होतो. आपल्याकडे एकाच मतदारसंघात एकाच नावाचे दोन-तीन उमेदवार उभे करण्याची रीतच आहे, तेव्हा वडिलांचं नाव आणि वय जुळवून घ्या.

आणि शपथपत्र म्हणजे लेखापरीक्षण नव्हे. उमेदवार स्वतः लिहितो, शपथ घेतो, अर्ज भरताना कुणी घरी येऊन सोनं मोजत नाही. खोटी माहिती दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तेव्हा 'शपथपत्राप्रमाणे' एवढंच म्हणावं, 'इतकीच संपत्ती आहे' असं म्हणू नये.

'टीव्हीवर आली म्हणजे तपासलेली असणार'

टीव्हीवरच्या प्रचारी जाहिरातीला निवडणूक आयोगाने नेमून दिलेल्या माध्यम प्रमाणन समितीचं पूर्वप्रमाणपत्र लागतं, पण समिती काही सातबारे काढून बसत नाही. साबणाची जाहिरात खोटी वाटली तर जाहिरात मानक परिषदेकडे तक्रार करता येते. राजकीय जाहिराती त्या परिषदेच्या कक्षेत येत नाहीत. पत्रक असेल तर तळाशी मुद्रक-प्रकाशकाचं नाव पत्त्यासह असलं पाहिजे, तो कायदा आहे. नाव नसेल तर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे फोटोसह तक्रार द्या. फेसबुकवरच्या जाहिरातीचे पैसे कुणी भरले ते मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीत दिसतं. तिथे पक्षाचं नाव न दिसता 'जनतेचा आवाज' छापाचं कुठलंतरी पेज दिसलं, की मी शपथपत्र उघडायच्या आधी चहा टाकतो. अशा पेजवरच्या आकड्याला वर्ष लिहिलेलं नसतं, आणि ते शोधण्यात अर्धा तास सहज जातो.