गोव्यातून याणाला जाताय? मग पहाटेच निघा
गोकर्ण करून परत येताना उरलेल्या तासाभरात याणा "उरकून" टाकायचं असं बरेच जण करतात, प्लीज तसं करू नका, कर्नाटकात कुमठ्याजवळच्या जंगलातल्या या काळ्या सुळक्यांच्या जागेला एक अख्खी सकाळ द्या.

मडगावहून पहाटे निघायचं, काणकोण, पोळे, कारवार, अंकोला करत कुमठ्याला, तिथून सिरसीच्या बाजूने आत साधारण 30 किलोमीटर. ट्रेनने कुमठ्याला उतरून पुढे टॅक्सी केली तरी चालतं. घाटातला रस्ता चालू आहे का ते आधी फोन करून विचारा, पावसात दरड येते. बेस्ट टाइम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फक्त महाशिवरात्रीच्या जत्रेत तुफान गर्दी असते.

पूर्वी जंगलातून बरंच चालावं लागायचं, तिकडे म्हणच आहे की रोकड असेल त्याने गोकर्णाला जावं आणि अंगात मस्ती असेल त्याने याणाला. आता गाडी बरीच जवळ जाते, पुढे थोडं चालणं आणि पायऱ्या, त्यामुळे आजी-आजोबांनाही हळूहळू नेता येतं.

आपल्या गोव्यातल्या हरवळ्याच्या गुहा जांभ्या दगडात माणसांनी कोरल्या, इथलं काम पाण्याने केलंय. पावसाचं पाणी हवेतला, मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडीचा दगड विरघळवत जातं, वर्षानुवर्षं, म्हणून हे काळे सुळके एवढे धारदार. भैरवेश्वर शिखर 120 मीटर, मोहिनी शिखर 90. भस्मासुर इथेच जळला म्हणतात, आणि इथली काळी माती म्हणजे त्याचीच राख.

भैरवेश्वराच्या पोटातच गुहा आहे, खाली स्वयंभू लिंग, त्यावर वरून पाणी ठिबकत असतं. आधी दर्शन घ्या, मग चपला काढून मागच्या भेगेतून फिरा, वर बघत बघत, पण पाय जपून कारण दगड ओला असतो. कड्यांवर मधमाश्यांची मोठी पोळी लटकलेली असतात, तेव्हा आरडाओरडा, धूर, ड्रोन अजिबात नको. दगडावर नावं कोरणाऱ्यांना तिथल्या तिथे हटका, ते खरवडलेलं परत भरून येत नाही.

पाण्याची बाटली न्या आणि रिकामी परत आणा. पावसाळ्यात गेलात तर जळवांसाठी मीठ जवळ ठेवा. वेळ उरला तर जवळच विभूती धबधबा आहे, तिथेही चुनखडीच, पण पाणी जास्त असेल तर लांबूनच बघा आणि काळोख पडायच्या आत हायवेला लागा.