पाळीच्या तारखा मांडायच्या कशा, आणि डॉक्टरकडे जायचं कधी

"या महिन्यात दोनदा आली गं," असं कुणी म्हटलं की मी आधी तारखा विचारते. एक तारीख आणि अठ्ठावीस तारीख. म्हणजे मधे २७ दिवस. यात काहीच बिघडलेलं नाही. महिना तीस-एकतीसचा, पाळी सत्तावीसची. कधीतरी एकाच पानावर दोन खुणा पडणारच.

म्हणून पहिलं काम तारखा लिहिण्याचं. मोबाइलमधलं ॲप चालेल, पण स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या खाड्याशेजारी एक टिंब दिलं तरी भागतं. आमच्या आईचं टिंब लाल पेनचं असायचं. ते कशाचं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. खूण नीट रक्तस्राव सुरू होईल त्या दिवशी करा, नुसता डाग दिसला तो दिवस धरू नका. थांबेल त्या दिवशी दुसरी खूण. अंतर मोजायचं ते पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. पाळी संपल्यापासून मोजणाऱ्या पुष्कळ जणी असतात, त्यांचा हिशेब दर वेळी चार-पाच दिवसांनी चुकतो.

तीन-चार महिन्यांनी पान उलटून बघा. समजा ४ जून, १ जुलै, ३ ऑगस्ट, २९ ऑगस्ट अशा तारखा आल्या. अंतरं २७, ३३ आणि २६ दिवस. दिसायला वेडीवाकडी, पण ठीक. मोठ्या बाईची पाळी २४ ते ३८ दिवसांत येते आणि सगळ्यांत लांब व सगळ्यांत आखूड अंतरात आठवड्याभराचा फरक चालतो. नुकतीच पाळी सुरू झालेल्या मुलींत पहिली दोन-तीन वर्षं २१ ते ४५ दिवसही चालतात. चाळिशीनंतर पुन्हा मागेपुढे होऊ लागतं.

अंतराइतकंच प्रमाण महत्त्वाचं, आणि तिथेच बायका गप्प बसतात. "मला पहिल्यापासून जास्तच जातं" म्हणत वर्षानुवर्षं अंगावर काढतात. रात्री पॅड बदलायला उठावं लागतं का? दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात का? आठ दिवसांच्या वर जातं का? जिना चढताना धाप लागते का? यातलं एक जरी 'हो' असलं तरी निदान हिमोग्लोबिन तपासून घ्या.

पाळी चुकली तर घाबरण्याआधी लघवीची गरोदर चाचणी करा. मेडिकलमध्ये किट मिळतं, आशाताईंकडेही 'निश्चय' किट असतं. मग गेल्या दोन महिन्यांत काय घेतलं ते आठवा. पूजेसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या? इमर्जन्सी गोळी? सरकारी दवाखान्यातलं गर्भनिरोधक 'अंतरा' इंजेक्शन किंवा 'छाया' गोळ्या? या सगळ्यांनी वेळापत्रक हलतं. तांबीने (कॉपर-टीने) रक्तस्राव वाढू शकतो. बाळ अंगावर पीत असेल तर पाळी लांबते. यातलं काहीच नसेल तर थायरॉइड, पीसीओएस (संप्रेरकं बिघडून पाळी लांबण्याचा त्रास), एकदम घटलेलं किंवा वाढलेलं वजन, गर्भाशयातल्या गाठी अशी कारणं निघतात. ती तपासणीतच कळतात, शेजारणीच्या अंदाजाने नाही.

डॉक्टरकडे कधी? गरोदर नसताना तीन महिने पाळी आली नाही तर. मोठ्या बाईचं अंतर सारखंच २४ दिवसांच्या आत किंवा ३८ च्या पुढे जात असेल तर. दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त गेलं तर. मुलगी पंधरा वर्षांची होऊनही पाळी आली नसेल तर. पाळी वर्षभर बंद राहिल्यावर पुन्हा थेंबभर जरी दिसलं, तर लगेच. त्याला 'जाता जाता आली' म्हणू नका.

आणि थांबूच नये अशी वेळ: तासातासाला पॅड भिजतंय, किंवा पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय. त्याच क्षणी निघा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

जाताना कॅलेंडरच्या पानांचे फोटो आणि घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या. बहुधा हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सोनोग्राफी सांगतील. पहिल्याच भेटीत कुणी "पिशवी काढून टाका", म्हणजे गर्भाशयच काढा, म्हणालं, तर रिपोर्ट घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. बऱ्याच तक्रारी आधी गोळ्यांनी आटोक्यात येतात का, हे विचारायला लाजू नका.