कॅन्टीनच्या टीव्हीवर अखंड फिरणारा स्लाइड शो

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये किंवा कार्यालयाच्या विश्रांतिकक्षात सूचनांसाठी टीव्ही बसवला जातो, पहिले काही दिवस त्यावर स्लाइड शो नेमाने चालतो आणि महिन्याभरात त्याच पडद्यावर ‘नो सिग्नल’ ही अक्षरे तरंगताना दिसतात. दोष बहुधा स्लाइडमध्ये नसतो. ज्याने सारी जोडणी केली तो रजेवर गेला, की ती पुन्हा सुरू करणे इतरांना जमत नाही. त्यामुळे वीज जाऊन आल्यावर कॅन्टीनमधील कोणालाही केवळ रिमोटच्या साहाय्याने स्लाइड शो पुन्हा लावता आला पाहिजे, ही कसोटी आधीच ठरवून घ्यावी.

या कसोटीवर लॅपटॉप टिकत नाही. एचडीएमआय केबलने लॅपटॉप जोडून पॉवरपॉइंटच्या ‘सेट अप स्लाइड शो’मध्ये ‘ब्राउज्ड अ‍ॅट अ किऑस्क’ हा पर्याय निवडला, की एस्केपचे बटण दाबेपर्यंत स्लाइड फिरत राहतात, हे खरे. परंतु लॅपटॉप झोपी जातो, अपडेट मागतो, शिवाय कोणाला तरी तो कामासाठी हवाच असतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात तर जेवणाच्या सुट्टीत सर्वांच्या देखत पडद्याच्या कोपऱ्यात माझ्या खाजगी ईमेलची सूचना उमटली होती. तेव्हापासून मी स्लाइडचा व्हिडिओ करून तो पेनड्राइव्हवरून थेट टीव्हीवर चालवतो, आणि एका टीव्हीसाठी हाच मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

स्लाइड तयार करताना पान ‘वाइडस्क्रीन’, म्हणजे १६:९ या प्रमाणात घ्यावे. जुन्या ४:३ प्रमाणातील पानांच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतात. अक्षरांचा आकार मात्र संगणकासमोर बसून ठरवू नये. साधारण १० फुटांवरून सहज वाचण्यासाठी पडद्यावरील अक्षर सुमारे एक इंच उंच असावे लागते. ४३ इंची टीव्हीचा पडदा जेमतेम २१ इंच उंच असल्यामुळे पॉवरपॉइंटच्या साडेसात इंच उंचीच्या स्लाइडवर देवनागरी मजकूर ४० पॉइंटपेक्षा लहान ठेवून भागत नाही, आणि शेवटचे टेबल २० फुटांवर असेल तर आकार जवळजवळ दुप्पट करावा लागतो. साहजिकच एका स्लाइडवर चार-पाच ओळींहून अधिक मजकूर मावत नाही, आणि ते योग्यच आहे. सबंध परिपत्रक पडद्यावर चिकटवण्याचा आग्रह धरणाऱ्यांना सूचना फलकाची वाट दाखवावी. ओळींमध्ये थोडे जास्त अंतर सोडावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना आणि रफारांना भिडतात. काही टीव्ही चित्राच्या कडा किंचित कापतात, म्हणून चारही बाजूंना सुमारे ५ टक्के जागा मोकळी ठेवावी.

वेळ ठरवण्याची साधी रीत अशी, की स्लाइडवरील मजकूर सावकाश दोनदा मोठ्याने वाचावा आणि त्यास लागलेला वेळ त्या स्लाइडला द्यावा. बहुतेक सूचनांना १५ सेकंद पुरतात. कॅन्टीनचा मेनू किंवा बसचे वेळापत्रक यांना २५ द्यावेत. १९४८च्या कारखाना कायद्याने जास्तीत जास्त पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती घालून दिली, परंतु चहाची सुट्टी बहुधा त्याहून पुष्कळ लहान असते. १५ सेकंदांच्या २० स्लाइडची फेरी पाच मिनिटांत संपते, म्हणजे दहा मिनिटांसाठी आलेल्या माणसालाही ती दोनदा दिसते. ४० स्लाइड केल्या, तर महत्त्वाची सूचना नेमकी तो उठून गेल्यावर झळकण्याचा संभव वाढतो.

पॉवरपॉइंटमध्ये ‘ट्रान्झिशन्स’ या विभागात ‘ऑन माउस क्लिक’समोरची खूण काढून ‘आफ्टर’समोर सेकंद भरावेत. त्यानंतर ‘फाइल’, ‘एक्स्पोर्ट’, ‘क्रिएट अ व्हिडिओ’ असे जाऊन ‘फुल एचडी’ निवडावे आणि नोंदवलेल्या वेळा वापरण्याचा पर्याय घ्यावा; तो राहून गेला, तर प्रत्येक स्लाइड पाचच सेकंदांत सरकते. व्हिडिओमध्ये अक्षरांचे चित्र होऊन जाते, हा मराठीसाठी मोठा फायदा आहे, कारण टीव्हीत फाँट असो वा नसो, जोडाक्षरे तुटत नाहीत.

पेनड्राइव्ह १६ किंवा ३२ जीबीचा घेऊन तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करावा, कारण अन्य पद्धतींचे पेनड्राइव्ह सर्वच टीव्ही वाचत नाहीत. या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, पण स्थिर स्लाइडचा व्हिडिओ सहसा त्या मर्यादेच्या जवळही जात नाही. पेनड्राइव्हवर केवळ या व्हिडिओची एमपी४ फाइल असावी. सहलीचे फोटो त्यावर राहिले, तर तेही केव्हातरी पडद्यावर येतात. व्हिडिओ सुरू करून टीव्हीच्या प्लेअरमध्ये ‘रिपीट’ चालू करावे. काही टीव्हींवर प्रत्येक फेरीनंतर क्षणभर काळा पडदा किंवा फाइलची यादी दिसते. ते टाळायचे असल्यास सर्व स्लाइडच्या प्रती त्याच क्रमाने पुढे जोडून तासाभराचा व्हिडिओ करावा, म्हणजे तो व्यत्यय तासातून एकदाच येतो.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये सर्वाधिक दगा देते ते ‘ऑटो पॉवर ऑफ’. रिमोटला कोणी हात लावला नाही, तर बरेच टीव्ही चार तासांनी स्वतःहून बंद होतात, आणि दुसऱ्या पाळीला काळा पडदा दिसतो. हे सेटिंग बंद करावे, आवाज शून्यावर आणावा आणि प्रखरताही थोडी कमी करावी. ओएलईडी टीव्ही या कामासाठी घेऊ नये. प्रत्येक स्लाइडवर एकाच जागी राहणाऱ्या बोधचिन्हाचा कायमचा ठसा त्याच्या पडद्यावर उमटू शकतो.

बदलासाठी दोन पेनड्राइव्ह ठेवावेत. एक टीव्हीत चालू असताना दुसऱ्यावर नवा व्हिडिओ भरावा आणि सोमवारी पहिल्या पाळीच्या चहापूर्वी अदलाबदल करावी. प्रत्येक स्लाइड केव्हा काढायची ती तारीख तिच्या खालच्या टिपणात लिहून ठेवावी, अन्यथा सरलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा पुढच्या महिन्यातही झळकत राहतात. पेनड्राइव्ह कोणत्या खाचेत लावायचा आणि रिमोटवरील कोणती बटणे कोणत्या क्रमाने दाबायची, हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टीव्हीशेजारी चिकटवावे आणि पहिल्याच दिवशी, आपण काही न सांगता, कॅन्टीनमधील एखाद्या व्यक्तीकडून तो कागद वाचून स्लाइड शो सुरू करवून पाहावा.